बाहेर जाणे

माझ्या खोलीच्या दाराला बाहेरून कडी बसवली गेली, तेव्हा दार धरून मीच उभा होतो.

मुलगा ड्रिल घेऊन आला आणि म्हणाला, "बाबा, जरा हे दार घट्ट धरा, हलतंय." मी पुस्तकात बोट घालून उठलो आणि धरलं. लाकडाचा भुसा पावलांवर पडत होता. एक स्क्रू निसटून पलंगाखाली गेला, तो मी गुडघे टेकून शोधून काढला आणि त्याच्या हातात दिला. कडी कोणत्या बाजूला लागते आहे हे मला दिसत होतं. तरी मी विचारलं नाही. असेल काही कारण, असं मला वाटलं. आयुष्यभर मला असंच वाटत आलं आहे, की इतरांकडे काहीतरी कारण असतं आणि ते विचारलं तर आपला अडाणीपणा उघडा पडेल.

मला रात्री लघवीला उठावं लागतं. वर्षभर लागत होतं. आधी एकदा, मग दोनदा, मग झोप म्हणजे दोन खेपांमधली फट, एवढीच राहिली. हे एवढं साधं वाक्य मला वेळेवर तोंडाने म्हणता आलं असतं, तर ना कडी लागली असती, ना मला त्या फाटकाच्या आत नेलं गेलं असतं.

पण मी ते वाक्य म्हटलं नाही. मी म्हटलं, "रात्री बाहेर जावं लागतं."

आमच्या लहानपणी ती सोय घराबाहेरच असायची, अंगण ओलांडून. त्यामुळे घरातले सगळे "बाहेर जाऊन येतो" म्हणत. पुढे सोय घरात आली, पलंगापासून चार पावलांवर आली, तरी आम्ही बाहेरच जात राहिलो. बायको होती तोवर काही अडलं नाही. मी नुसता खाकरलो तरी ती म्हणायची, "जा जाऊन या, दिवा मी लावते." ती गेल्यावर माझं खाकरणं म्हणजे घरात नुसता खोकला उरला.

शेवटी सुनेने ओळखलं की मी झोपत नाही. ओळखलं म्हणजे, मी दुपारी ताटावर डुलक्या घेऊ लागलो. ती मला डॉक्टरांकडे घेऊन गेली. आमचे जुने डॉक्टर निवृत्त झाले होते. त्यांच्या खुर्चीत आता एक तरुण बसतो. हुशार, स्वच्छ, हात सारखे धुणारा. कोपऱ्यात त्याच्याकडे शिकायला आलेली एक मुलगी संगणकावर टाइप करत होती. शेजारी सून. समोर दोन बायका असताना माझी जीभ टाळ्याला चिकटली.

"बोला आजोबा, काय होतंय?"

"रात्री बाहेर जावं लागतं."

डॉक्टरांची मान वर आली. "बाहेर? रोज?"

"रोजच. तीन-चारदा."

सुनेने माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे पाहिलं.

"आणि आपले आपण परत येता?"

आता याला काय उत्तर द्यायचं? मला वाटलं, तरुण माणूस आहे, थट्टा करतोय. "येतो की. तिथे राहून काय करू?"

"वाट सापडते?"

"अंधार असतो. भिंत धरून धरून जातो."

"घरात कुणाला सांगून जाता का?"

"छे हो! हे काय सांगायचं असतं?"

कोपऱ्यातल्या मुलीचं टाइप करणं थांबलं.

"थांबवायचा प्रयत्न केलात कधी?"

"केला. पडून राहिलो. पण एकदा जायचं मनात आलं की मग थांबता येत नाही."

"पावसातबिवसात गेलात तर कपडे ओले होत असतील."

हे मात्र मला फार खासगी वाटलं. पण डॉक्टर आहेत, विचारणारच. मी अगदी हळू म्हणालो, "एकदा झाले होते. आल्यावर गुपचूप बदलले."

सुनेने पदराच्या टोकाशी चाळा करावा तसा पर्सच्या पट्ट्याशी चाळा सुरू केला. डॉक्टरांचा आवाज एकदम मऊ झाला. त्या मऊपणाचा मला तेव्हाच संशय यायला हवा होता. त्यांनी मला आजची तारीख विचारली. निवृत्त माणसाला तारीख लागते कशाला? मी वार सांगितला, तोही आदल्या दिवसाचा. मग म्हणाले, "तीन शब्द सांगतो, लक्षात ठेवा. छत्री, दोरी, मासा. थोड्या वेळाने विचारीन."

माझी नोकरी शब्दकोशाच्या कचेरीत झाली. शब्द दिला की मी तो उलगडतो, ती खोड आता जायची नाही. मी छत्रीपाशीच अडकलो. छत्र, छत, छप्पर, आच्छादन असं करत लांब गेलो. त्यांनी विचारलं तेव्हा मी मोठ्या उत्साहाने म्हणालो, "छप्पर!"

"बरं बरं," डॉक्टर म्हणाले. "आता तुम्ही जरा बाहेर बसता का?"

मी बाहेर बसलो. दाराच्या काचेतून सुनेची पाठ दिसत होती. ती रडत असावी असं वाटलं. मला वाटलं, तिचं काहीतरी दुखणं असेल, म्हणून मला बाहेर पाठवलं. घरी येताना मी तिच्यासाठी पिशवी उचलली, एवढंच नाही तर तिला म्हणालोही, "काळजी करू नकोस, सगळं बरं होतं." ती आणखीच रडली.

त्यानंतर घरातली वागणूक बदलली. मला कुणी काही सांगितलं नाही, नुसतं सगळे माझ्याशी लहान मुलासारखं बोलू लागले. माझ्याकडची पुढच्या दाराची किल्ली मुलाने घेतली. "कुलूप बिघडलंय बाबा, नवीन करून देतो." ती नवीन किल्ली काही झाली नाही. त्याच दाराला आतून एक घंटी टांगली गेली. माझ्या गोळ्या सुनेने ताब्यात घेतल्या. रक्तदाबाची एक गोळी मी सकाळी उठल्यावर घेत असे, एक रात्री. ती म्हणाली, "सकाळी माझी ऑफिसची घाई असते बाबा, तुमच्याकडून राहून जाईल. सगळ्या रात्री जेवणानंतर माझ्यासमोरच घ्या." मी घेतल्या. सकाळची ती गोळी अंगातलं पाणी काढणारी आहे हे मला माहीत नव्हतं. तिलाही नव्हतं. ती रात्री सुरू झाल्यापासून मी चारऐवजी पाच-सहा वेळा उठू लागलो, आणि प्रत्येक खेपेला मुलाच्या खोलीतला दिवा लागू लागला. दार किंचित उघडायचं. मी मोरीच्या दारात आणि तो त्याच्या दारात.

"काय बाबा? कुठे निघालात?"

"कुठे नाही रे. झोप तू."

शरमेने मी "कुठे नाही" म्हणायचो. तो ते वेगळंच ऐकायचा. आणि मग कडी आली.

त्या रात्री पहिल्या खेपेला मी दार ओढलं, ते उघडेना. मला वाटलं, लाकूड फुगलं असेल. मग कडी आठवली. मी दारावर टकटक केली, तीही पाहुण्यासारखी, दोन बोटांनी. त्यांच्या खोलीत पंखा मोठ्याने चालतो. हाक मारायचं मनात आलं, पण मारून म्हणायचं काय? शेजाऱ्यांच्या भिंती पातळ आहेत.

खोलीत पुस्तकं होती, पलंग होता आणि झाकण असलेला पाण्याचा जग होता. जग सुनेने काठोकाठ भरून ठेवला होता. तो रिकामा करायला हवा होता. खिडकीतून ओतावं, तर खाली कुणाचे तरी कपडे वाळत होते. कुणाच्या कपड्यांवर पाणी ओतणं मला प्रशस्त वाटलं नाही.

म्हणून मी ते पाणी प्यालो. सगळं. उभं राहून.

हे आठवलं की अजून मला स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते. पोटात लीटरभर पाणी ढकलून मी जग मोकळा केला, वापरला, झाकण लावलं, आणि सभ्य माणसासारखा पलंगावर बसून राहिलो. मग ते पाणी आपला रस्ता शोधू लागलं. जग भरला. जगाला काठ असतो. मला नव्हता.

सकाळी मुलाने कडी काढली तेव्हा मी ओल्या लेंग्यात खुर्चीवर बसलो होतो, मांडीवर उघडं पुस्तक ठेवून. त्याने जग पाहिला, लेंगा पाहिला, आणि तो दारातच खाली बसला. सुनेला म्हणाला, "इतक्या लवकर एवढं वाढलं गं?"

मी बोललो असतो. खरंच बोललो असतो. पण मी चिडलो की मला हुंदका येतो, शब्द येत नाहीत. आणि त्या दोघांना हुंदका तेवढा दिसला. सुनेने मला लहान मुलासारखं धरून मोरीत नेलं. मी तिचा हात झटकला. तिने मुलाकडे पाहून नुसते ओठ हलवले, "चिडचिड."

शनिवारी ते मला एक जागा दाखवायला निघाले.

"नुसती बघायची, बाबा," मुलगा गाडी चालवता चालवता म्हणाला. "छान आहे. बाग आहे. तुम्हाला हवं तेवढं मोकळं फिरता येईल, फाटकाला कुलूप असतं."

"मी कशाला फिरू?"

"तसं नाही. म्हणजे वाटलंच तर."

"आणि माझी पुस्तकं?"

मुलाने गाडीचा वेग वाढवला. तेव्हा मला कळलं की ही जागा नुसती बघायची नाही. गाडीच्या डिकीत माझी बॅग होती. ठेवताना ती मला दिसली होती, पण वाटलं होतं, असेल काही कारण.

अंतर बरंच होतं. सकाळी मी दोन कप चहा घेतला होता, त्यात भीती. तिथे पोचेपर्यंत माझ्या पोटाखाली सुरी फिरायला लागली होती. भेटायला येणाऱ्यांची खोली प्रशस्त होती, गुळगुळीत फरशीची, आणि कुणा शहाण्याने तिथे भिंतीला लागून माशांची मोठी पेटी ठेवली होती. तिच्यात पाणी एकसारखं बुडबुडत होतं. बुडबुड, बुडबुड. खुर्चीत तिथलेच एक म्हातारे गृहस्थ वर्तमानपत्र वाचत बसले होते. नंतर कळलं, ते पूर्वी बसचे कंडक्टर होते. समोर व्यवस्थापक बाई. चेहऱ्यावर कायमचं हसू, मुलाच्या हातात चकचकीत माहितीपत्रक.

"रात्री दर दोन तासांनी आमची माणसं फेरी मारतात," बाई सांगत होत्या.

मी मुलाच्या कानाशी वाकलो. "मला जरा बाहेर जायचंय."

त्याने सुनेकडे पाहिलं. सुनेने बाईंकडे. बाईंनी मान अशी हलवली की जणू त्यांना सगळं कळलं.

"बघा, दिवसाही सुरू झालं," सून पुटपुटली.

"आजोबा," बाई माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाल्या, "बसा बरं शांत. बाहेर काय आहे? बाहेर नुसतं ऊन आहे."

"मला जायला हवं."

"जाऊ हं. नंतर जाऊ आपण सगळे मिळून."

"सगळे मिळून?" मी म्हणालो.

"हो, हात धरून. मजा येते." मग मुलाकडे वळून, "पहिले काही दिवस सगळेच असं करतात. नंतर सवय होते. बाहेर जायचं नावसुद्धा काढत नाहीत."

"पण इथे... इथे बाहेर जाताच येत नाही?"

"अजिबात नाही! त्याची तुम्ही काळजीच करू नका," बाई मुलाला म्हणाल्या. "आम्ही कुणालाही बाहेर जाऊ देत नाही. आजपर्यंत एकही गेला नाही."

माझ्या डोळ्यांपुढे ती सगळी माणसं आली. वर्षानुवर्षं न गेलेली. पेटीतलं पाणी बुडबुडत होतं. मी उठायला लागलो, तर मुलाने खांदा दाबून मला खाली बसवलं. मायेने दाबला असेल. पण दाबला. आणि माझ्या तळपायाची आग जी निघाली ती मस्तकात पोचेपर्यंत वाटेत माझी सगळी भीडभाड जाळत गेली.

"मुतायला जायचंय मला!" मी ओरडलो. "मुतायला! मुतायला जातो मी रात्री! बाहेर म्हणजे रस्त्यावर नाही रे गाढवा, मोरीत! वर्षभर मोरीत जातोय! मला कोंडलंत, माझी किल्ली काढून घेतलीत, माझ्याकडून दार धरवून घेतलंस! तुझ्या आईने हा शब्द ऐकला असता तर तिने कान झाकले असते, पण तू माझे हाल केलेस! सोड खांदा, नाहीतर इथेच, या बाईंच्या फरशीवर!"

फक्त मासे आपलं काम करत होते.

हा शब्द मी जन्मात कधी उच्चारला नव्हता. कोशात मात्र मीच नोंदवला होता. पुढे कंसात "ग्राम्य" असं लिहिलं होतं, माझ्या सुबक अक्षरात. आणि "बाहेर जाणे" याचे अर्थही मीच दिले होते, एक : घर सोडून अन्यत्र जाणे, दोन : मलमूत्रविसर्जनास जाणे, "शिष्ट". शिष्ट! त्या शिष्टपणाने मला कुलपात घातलं होतं आणि ग्राम्याने बाहेर काढलं.

कंडक्टरांनी वर्तमानपत्र खाली केलं. "डावीकडे दुसरं दार," ते म्हणाले. "जपून, खाली ओलं असतं."

मी गेलो. परत आलो तेव्हा मुलगा भिंतीकडे तोंड करून उभा होता. बाईंचं हसू पहिल्यांदाच गायब होतं. कंडक्टर मला म्हणाले, "असंच जोरात बोलत चला, मास्तर. इथे सगळे हळू बोलणारेच येतात." आणि त्यांनी वर्तमानपत्र परत वर केलं. ते विनोद करत होते की नाही, मला अजून ठरवता आलेलं नाही.

गाडी फाटकाबाहेर पडली. मग मी विचारलं, "एकदा तरी मला रस्त्यावर पाहिलंत तुम्ही? एकदा?"

"नाही," मुलगा म्हणाला.

"घंटी वाजली कधी?"

"नाही. पण आम्हाला वाटायचं, आज नाही गेले, उद्या जातील. डॉक्टर म्हणाले होते..."

"डॉक्टर कुठे म्हणाले?" सून मागून उसळली. "बाबाच म्हणाले! माझ्यासमोर म्हणाले, बाहेर जातो, भिंत धरून जातो, कुणाला सांगत नाही! मी काय समजायचं होतं? मी रात्र रात्र घंटीकडे कान लावून पडलेय, ऑफिसात फाइलवर डोकं टेकून झोपलेय. सरळ एक शब्द बोलायला काय झालं होतं तुम्हाला?"

"तुला सरळ एक शब्द विचारायला काय झालं होतं?"

"मी सून आहे, बाबा! मी विचारू तुम्हाला, की तुम्ही शी-शूला..."

"बघ," मी म्हणालो. "तुझ्याही तोंडातून शीशूच निघालं."

तिला हसू आलं असावं, पण मी मागे वळून पाहिलं नाही. मला हसायचं नव्हतं. मला अजून बरंच रागवायचं होतं आणि माझ्याकडे त्याचा सराव नव्हता; थांबलो असतो तर पुन्हा सुरू करता आलं नसतं.

"गाडी डॉक्टरकडे घे," मी मुलाला म्हणालो.

दवाखान्यात त्या दिवशी गर्दी होती. मी दारातूनच म्हणालो, "डॉक्टर, मला रात्री पाच-सहा वेळा मुतायला उठावं लागतं. हे मी तुम्हाला मागच्या वेळीच सांगितलं होतं." बाकावरचे तिघे-चौघे म्हातारे एकदम माझ्याकडे बघू लागले. कौतुकाने, असं मला वाटलं. कदाचित तसं नसेलही.

डॉक्टरांना उलगडा व्हायला थोडा वेळ लागला. मग त्यांचे कान लाल झाले. "म्हणजे बाहेर... अरे देवा."

"तुम्ही मला एवढंही विचारलं नाहीत की बाहेर म्हणजे कुठे. कपडे ओले होतात का ते विचारलंत."

"पावसाने, असं म्हणायचं होतं मला."

"मला पाऊस ऐकूच आला नाही."

"चूक झाली," ते म्हणाले. स्पष्ट म्हणाले, हे मान्य करायला हवं. मुलाने तोवर एवढंही म्हटलं नव्हतं. "आता नीट विचारतो. तुम्ही नीट सांगा. इथे कुणी लाजायचं नाही."

त्यांनी सगळं विचारलं. दर खेपेला भरपूर होते की थोडीशीच? धार बारीक झाली आहे का, सुरू व्हायला वेळ लागतो का? जळजळ होते का, रक्त दिसतं का? तहान फार लागते का? झोपेत घोरता का, श्वास अडकून जाग येते का? संध्याकाळनंतर काय काय पिता? मी सगळ्याची उत्तरं दिली आणि ज्या शब्दांवर अडखळलो ते पुन्हा म्हटले. मग त्यांनी माझा लेंगा गुडघ्यापर्यंत वर केला आणि नडगीवर अंगठा दाबला. अंगठा उचलल्यावर तिथे खळगा तसाच राहिला.

"हे बघा," त्यांनी मुलाला जवळ बोलावलं. "हे पाणी आहे. दिवसभर पाय खाली सोडून बसतात ना?"

"वाचत असतात," मुलगा म्हणाला.

"दिवसभर पाणी पायांत उतरतं. रात्री आडवं झालं की तेच रक्तात परत येतं, आणि मूत्रपिंडं ते बाहेर काढतात. बाहेर म्हणजे..." ते थबकले.

"कळलं," मी म्हणालो. "पुढे बोला."

मग गोळ्या निघाल्या. पाणी काढणारी गोळी रात्री दिली जाते हे ऐकून त्यांनी कपाळाला हात लावला. सुनेचा चेहरा पडला. ती म्हणाली, "मी केलं ते. मला वाटलं, सगळ्या एकत्र..." मला तिची दया आली, पण मी ती दाखवली नाही. तेवढा राग मी माझ्यासाठी ठेवला.

साखर तपासली, ती ठीक निघाली. लघवीही स्वच्छ. मग त्यांनी हातमोजा चढवला आणि दोघांना खोलीबाहेर पाठवलं. त्या तपासणीबद्दल एवढंच सांगतो की तिच्यानंतर माझ्याजवळ लाजण्यासारखं फारसं काही शिल्लक राहिलं नाही. प्रोस्टेटची ग्रंथी वाढलेली होती, या वयात वाढते तशी, वाईट काही लागलं नाही, तरी रक्त तपासून खात्री करू म्हणाले. जन्मभर ग्रंथ सांभाळले, ग्रंथीकडे पाहायचं राहून गेलं.

"पाण्याची गोळी परत सकाळी," डॉक्टर म्हणाले. "दुसऱ्या गोळीनेही पाय सुजतात कधीकधी, ती बदलून पाहू. ग्रंथीसाठी एक नवी देतो. तिने सुरुवातीला उठताना चक्कर येते, म्हणून पलंगाच्या कडेला क्षणभर बसायचं आणि मगच उभं राहायचं. दुपारी पाय उशीवर उंच ठेवून तासभर पडायचं."

"पडून वाचलं तर चालेल?"

"वाचा की. संध्याकाळनंतर चहा बंद. पाणी दिवसा पुरेसं प्यायचं, कमी करायचं नाही, फक्त झोपायच्या आधीचे दोन-तीन तास घोटभरच. जेवणात मीठ कमी. मोरीच्या वाटेवर छोटा दिवा लावून ठेवा, अंधारात भिंत धरून जायचं नाही; या वयातली हाडं त्या भिंतीजवळच मोडतात. आणि हे बघा, एकदा उठावं लागलं तर तो काही आजार नाही. तेवढं राहील."

"एकदा चालेल," मी म्हणालो.

"लघवी एकदम अडली किंवा रक्त दिसलं, तर वाट पाहायची नाही, लगेच यायचं. अजून काही शंका?"

"शंका जन्मभर पुरतील एवढ्या आहेत," मी म्हणालो. "लघु तेवढी तुम्ही बघा."

कोपऱ्यातली मुलगी फसकन हसली आणि तिने तोंडावर हात ठेवला. मागच्या वेळी हीच माझ्याकडे कशी बघत होती ते मला आठवलं. तीन शब्दांची परीक्षा पुन्हा घ्या, असं मीच डॉक्टरांना म्हणालो. छत्री, दोरी, मासा. धडाधड सांगितले. मासा तर मी जन्मात विसरणार नाही.

घरी पोचल्यावर मुलाने डिकीतून माझी बॅग काढली आणि खोलीत ठेवली. मी ड्रिलची पेटी शोधली. त्यात स्क्रूड्रायव्हर होता.

"बाबा, द्या इकडे, मी काढतो," तो म्हणाला.

"तू दार धर," मी म्हणालो.

त्याने धरलं. माझी पकड सारखी निसटत होती, आणि प्रत्येक स्क्रूला मी बराच वेळ घेतला. त्याला उभं राहू दिलं. तिसऱ्या स्क्रूला तो खालच्या मानेने म्हणाला, "मला भीती वाटली होती, बाबा. एखाद्या सकाळी तुम्ही सापडणारच नाही, अशी."

"मग जागा राहून माझ्या मागे चार पावलं आला असतास तर? मोरीपर्यंत?"

डोळे पुसायला त्याला हात मोकळा नव्हता, कारण दार धरलेलं होतं. मी म्हणालो नाही की सोड.

कडी हातात आली. ती मी फेकून देईन असं त्याला वाटलं असावं. मी दाराच्या आतल्या अंगाला गेलो आणि कडी तिथे लावून धरली.

"ड्रिल चालव," मी म्हणालो. "इथे."

"आतून?" सून दारात येऊन उभी होती. तिच्या हातात मोरीच्या वाटेसाठी आणलेला छोटा दिवा होता. "बाबा, रात्री आत चक्कर येऊन पडलात तर आम्ही दार उघडायचं कसं?"

तिचं बरोबर होतं. राग असला तरी ते मला दिसत होतं.

"लावणार नाही," मी म्हणालो. "पण असू दे."

मुलाने ड्रिल सुरू केलं. लाकडाचा भुसा या वेळी त्याच्या पावलांवर पडला.